जाकोमो चामिचान

जाकोमो लुईजी चामिचान (२७ ऑगस्ट १८५७ – २ जानेवारी १९२२) हे इटालियन रसायनशास्त्रज्ञ होते. सेंद्रिय प्रकाशरसायनशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. उष्णता, तीव्र आम्ले किंवा उच्च दाब यांचा आधार न घेता केवळ सूर्यप्रकाशाने रेणूंची रचना बदलता येते, हे त्यांनी सहकारी पाओलो सिल्बर यांच्यासह शेकडो प्रयोगांतून दाखवून दिले. कोळशाचे साठे कधीतरी संपणार असून मानवाने थेट सूर्याच्या ऊर्जेकडे वळले पाहिजे, हा विचार त्यांनी १९१२ मध्ये जागतिक परिषदेत मांडला. प्रकाशाच्या साहाय्याने एखादा पदार्थ रेणूत किंवा स्फटिकात धरून ठेवणे आणि हवा तेव्हा मुक्त करणे, या आजच्या संशोधनशाखेची काही मुळेही त्यांच्या कार्यात सापडतात.

जन्म व शिक्षण

चामिचान यांचा जन्म त्रिएस्ते या एड्रियाटिक समुद्रकाठच्या बंदरात झाला. त्या काळी हे शहर ऑस्ट्रियन साम्राज्यात होते आणि तेथे इटालियन, जर्मन व स्लाव्ह भाषक एकत्र नांदत होते. चामिचान यांचे घराणे आर्मेनियन वंशाचे होते. त्यांचे उच्च शिक्षण व्हिएन्ना येथे झाले. विद्यार्थिदशेतच त्यांना वर्णपटांच्या अभ्यासाची गोडी लागली. मूलद्रव्यांच्या वर्णपटांतील रेषा आणि त्यांचे रासायनिक गुणधर्म यांत काही संबंध आहे काय, या प्रश्नावर त्यांनी तरुण वयातच लेख प्रसिद्ध केले. पदार्थ आणि प्रकाश यांच्या नात्याविषयीचे त्यांचे कुतूहल या पहिल्या लेखांपासूनच दिसून येते. १८८० मध्ये त्यांनी जर्मनीतील गीसेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

रोममधील काळ

डॉक्टरेटनंतर चामिचान रोमला गेले आणि स्टानिस्लाओ कान्नित्झारो यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करू लागले. अणुभारांच्या निश्चितीतील गोंधळ दूर करण्यात मोठा वाटा असलेले कान्नित्झारो हे तेव्हा इटलीतील रसायनशास्त्राचे अग्रणी होते.

रोममध्ये चामिचान यांनी पायरोल या संयुगाचा सखोल अभ्यास केला. चार कार्बन अणू आणि एक नायट्रोजन अणू यांचे कडे असलेला हा रेणू दिसायला साधा असला, तरी वनस्पतींतील हरितद्रव्य आणि रक्तातील हीम या दोहोंच्या रचनेत तशी कडी आढळतात. १८८१ मध्ये चामिचान व माक्स डेनश्टेट यांनी पायरोलच्या पाच अणूंच्या कड्यात आणखी एक कार्बन अणू घालून त्याचे सहा अणूंचे पिरिडीन कडे बनवण्याची अभिक्रिया शोधली. ती आजही चामिचान–डेनश्टेट पुनर्रचना या नावाने शिकवली जाते. पायरोलपासून तयार केलेले आयोडोल हे आयोडीनयुक्त संयुग जखमांवरील जंतुनाशक म्हणून उपयोगात आले. आयोडोफॉर्मला असणारा उग्र दर्प त्याला नसल्यामुळे ते पर्याय म्हणून स्वीकारले गेले.

प्रकाशाकडे पहिले पाऊल

कान्नित्झारो यांच्या प्रयोगशाळेत प्रकाशाचा विषय अपरिचित नव्हता. सँटोनिन हे एका वनस्पतीपासून मिळणारे जंतनाशक औषध आहे. त्याचे पांढरे स्फटिक उन्हात ठेवले की पिवळे पडतात आणि तडकून फुटतात, असे जर्मन औषधनिर्माते हेर्मान ट्रॉम्सडॉर्फ यांनी १८३४ मध्ये नोंदवले होते. प्रकाशामुळे स्फटिकातील रेणू बदलतात आणि त्या बदलाचा ताण सहन न होऊन सबंध स्फटिक हादरतो, याचे हे सर्वांत जुन्या निरीक्षणांपैकी एक होय. सँटोनिनवर प्रकाशाने होणाऱ्या बदलांचा अभ्यास पुढे कान्नित्झारो यांनीही केला होता.

अशा वातावरणात चामिचान यांनी १८८६ मध्ये प्रकाशाचे पहिले प्रयोग केले. क्विनोन हा पिवळा पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून उन्हात ठेवला असता त्याचे क्षपण होऊन हायड्रोक्विनोन तयार झाले आणि अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइडमध्ये ऑक्सिडीकरण झाले. एका रेणूतील हायड्रोजन दुसऱ्या रेणूकडे गेला आणि हे घडवून आणणारी शक्ती केवळ प्रकाशाची होती. नायट्रोबेंझीनवरही त्यांनी असाच प्रयोग केला. मात्र त्याच सुमारास जर्मनीतील बॉन येथे हाइनरिख क्लिंगर याच प्रश्नावर काम करत होते. दुसऱ्याने हाती घेतलेल्या विषयात शिरू नये, असा संकेत त्या काळच्या संशोधकांत पाळला जाई. चामिचान यांनी आपले निष्कर्ष थोडक्यात प्रसिद्ध केले आणि विषय बाजूला ठेवला. त्याकडे ते पुन्हा वळले ते चौदा वर्षांनी.

बोलोन्यातील संशोधन

१८८७ मध्ये चामिचान पादोव्हा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८८९ मध्ये बोलोन्या विद्यापीठात त्यांची सामान्य रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. युरोपातील सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक असलेल्या या विद्यापीठात ते अखेरपर्यंत राहिले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी आंजेलो आंजेली हे पुढे नामवंत रसायनशास्त्रज्ञ झाले.

१९०० मध्ये चामिचान आणि सिल्बर यांनी प्रकाशाचे प्रयोग नव्याने हाती घेतले. सुमारे पंधरा वर्षे चाललेल्या या मालिकेतून जवळजवळ पन्नास शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांची पद्धत अगदी साधी होती. अभ्यासाचा पदार्थ योग्य द्रावकात विरघळवून काचेच्या नळ्यांत किंवा चंबूंत भरायचा, तोंड वितळवून बंद करायचे आणि ती पात्रे प्रयोगशाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवायची. काही पात्रे कित्येक आठवडे, तर काही वर्षभरही तशीच राहत. हिवाळ्यात ऊन मंद झाले की काम रेंगाळे. नंतर पात्रे फोडून आतील घटक वेगळे करायचे आणि ओळखायचे. त्या काळी आजच्यासारखी वर्णपटमापक उपकरणे हाताशी नव्हती. ऊर्ध्वपातन, स्फटिकीकरण, वितळणबिंदू आणि मूलद्रव्यांचे विश्लेषण एवढ्याच साधनांवर हे काम अवलंबून होते. गच्चीवर ओळीने मांडलेल्या असंख्य बाटल्या आणि त्यांच्यामध्ये उभे असलेले दाढीधारी चामिचान, असे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे.

आपण पाहतो तो बदल प्रकाशाचा की उन्हाच्या उष्णतेचा, ही शंका त्यांनी सुरुवातीलाच विचारात घेतली. काही पात्रांभोवती त्यांनी रंगीत द्रावणांची आवरणे ठेवली. त्यामुळे काहींपर्यंत केवळ निळा, तर काहींपर्यंत केवळ तांबडा प्रकाश पोहोचला. बहुतेक अभिक्रिया निळ्या प्रकाशात घडल्या आणि तांबड्या प्रकाशात घडल्या नाहीत. उष्णता हे कारण असते, तर असा फरक पडला नसता. प्रकाशाचा रंग कोणता, यावर अभिक्रिया अवलंबून असते, हे तत्त्व यातून पुढे आले.

प्रमुख अभिक्रिया

चामिचान व सिल्बर यांनी अभ्यासलेल्या अभिक्रियांचे स्थूलमानाने चार गट पडतात.

पहिला गट हायड्रोजनच्या देवघेवीचा आहे. बेंझोफिनोन हे संयुग अल्कोहोलमध्ये विरघळवून उन्हात ठेवले असता त्याचे दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन बेंझोपिनॅकॉल तयार होते. हे संयुग द्रावणातून स्फटिकरूपाने खाली बसते. आजही अनेक महाविद्यालयांत खिडकीत बाटली ठेवून हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेतला जातो.

दुसरा गट रेणू तुटण्याचा आहे. ॲसिटोनसारख्या किटोनांचे जलीय द्रावण प्रकाशात ठेवल्यास कार्बन–कार्बन बंध तुटतो आणि ॲसिटिक आम्ल व मिथेन यांसारखे लहान रेणू मिळतात. हा बंध एरवी सहजासहजी तुटत नाही.

तिसऱ्या गटात रेणूंमधील दुहेरी बंध एकमेकांशी जोडले जाऊन चार कार्बनांचे कडे बनते. शहाजिऱ्याच्या तेलातील कारव्होन हे संयुग उन्हात ठेवल्यावर त्याचे दोन दुहेरी बंध रेणूच्या आतच जोडले जातात. अशा रीतीने बनलेल्या कारव्होन-कॅम्फरचा शोध त्यांनी १९०८ मध्ये लावला. त्यांनी मांडलेली रचना बरोबर असल्याचे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, १९५७ मध्ये, निर्णायकपणे सिद्ध झाले. स्टिल्बीन, कूमारिन व सिनॅमिक आम्ल यांच्या दोन रेणूंचे प्रकाशाने होणारे जोडणेही त्यांनी अभ्यासले.

चौथी अभिक्रिया १९०१ मधील असून पदार्थ धरून ठेवणे व मुक्त करणे या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची ठरली. ऑर्थो-नायट्रोबेंझाल्डिहाइड या रेणूत नायट्रो गट आणि अल्डिहाइड गट शेजारीशेजारी असतात. प्रकाश पडताच नायट्रो गट शेजारच्या गटातील हायड्रोजन ओढून घेतो आणि आपला एक ऑक्सिजन अणू त्याला देतो. परिणामी ऑर्थो-नायट्रोसोबेंझॉइक आम्ल तयार होते. येथे बाहेरच्या कोणत्याही अभिकर्मकाची गरज लागत नाही. सारी देवघेव एकाच रेणूच्या आत होते आणि म्हणूनच ती द्रावणाप्रमाणे घन स्फटिकातही घडून येते.

वनस्पतींवरील संशोधन

प्रयोगशाळेतील काचपात्रांत उन्हाने घडणारे बदल पाहताना चामिचान यांच्यासमोर सतत हिरव्या पानांचे उदाहरण होते. वनस्पती सौम्य तापमानात, पाणी, हवा आणि ऊन एवढ्यावरच असंख्य गुंतागुंतीचे पदार्थ बनवतात. रसायनशास्त्रज्ञांना मात्र त्यासाठी भट्ट्या आणि दाहक रसायने लागतात. हा फरक का पडतो, याचा शोध घेण्यासाठी त्यांनी चिरो राव्हेन्ना यांच्यासह वनस्पतींवर प्रयोगांची एक मालिका केली.

या प्रयोगांत मक्यासारख्या जिवंत रोपांच्या शरीरात ठरावीक सेंद्रिय पदार्थ सोडून त्यांचे पुढे काय होते, हे पाहिले जाई. सॅलिसिल अल्कोहोल हा मक्यात नैसर्गिकरीत्या नसलेला पदार्थ रोपाला दिला असता त्याने तो साखरेशी जोडून ग्लुकोसाइडच्या रूपात साठवला. बाहेरून आलेला पदार्थ साखरेच्या रेणूला बांधून ठेवणे आणि गरजेनुसार पुन्हा सोडवणे, ही सोय वनस्पतींकडे असल्याचे यातून दिसून आले. अल्कलॉइडे ही वनस्पतींनी टाकून दिलेली केवळ निरुपयोगी द्रव्ये आहेत, ही त्या काळची प्रचलित समजूत चामिचान व राव्हेन्ना यांना मान्य नव्हती. वनस्पतीच्या जीवनात त्यांना काही निश्चित कार्य असले पाहिजे, असे मत त्यांनी मांडले.

१९१२ चे व्याख्यान

सप्टेंबर १९१२ मध्ये अमेरिकेत उपयोजित रसायनशास्त्राची आठवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्यासाठी न्यूयॉर्क येथे ११ सप्टेंबर रोजी चामिचान यांनी प्रकाशरसायनशास्त्राच्या भवितव्यावर व्याख्यान दिले. त्याच महिन्यात ते सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्या काळी जगात वर्षाला शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा काढला जात होता आणि उद्योग, रेल्वे व आगबोटी त्यावरच चालत होत्या. कोळसा म्हणजे अतिप्राचीन काळी वनस्पतींनी साठवलेली सूर्याची ऊर्जा आहे, येथून चामिचान यांनी आपल्या विवेचनास सुरुवात केली. हा साठा मर्यादित आहे आणि माणूस तो उधळपट्टीने संपवत आहे. मग पृथ्वीवर आज रोज येणारी सूर्याची ऊर्जा थेट का वापरू नये, असा त्यांचा प्रश्न होता. वाळवंटांवर पडणाऱ्या उन्हातील उष्णतेची कोळशाच्या परिमाणात तुलना करून त्यांनी दाखवले की, या ऊर्जेच्या लहानशा अंशानेही मानवाची गरज भागू शकेल.

त्यासाठी त्यांनी दोन मार्ग सुचवले. जेथे शेती होते तेथे इंधनासाठी व उपयुक्त द्रव्यांसाठी वनस्पतींची लागवड वाढवावी. जेथे जमीन रुक्ष आहे तेथे काचेच्या नळ्या व काचगृहे उभारून त्यांत प्रकाशाच्या अभिक्रिया घडवाव्यात. अशा उद्योगांना धुराडी लागणार नाहीत आणि ऊन मुबलक असलेल्या दक्षिणेकडील देशांना त्यांतून नवे महत्त्व प्राप्त होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रकाशापासून वीज मिळवणाऱ्या घटांचाही विचार त्यांनी केला होता. प्रकाशात रंग बदलणाऱ्या आणि अंधारात मूळ रंगावर येणाऱ्या पदार्थांचा उल्लेख करताना, अशा पदार्थांनी रंगवलेली वस्त्रे उन्हासावलीनुसार रंग बदलतील, अशी गमतीदार कल्पनाही त्यांनी मांडली.

या विचारांना तात्काळ प्रतिसाद मिळाला नाही. दोनच वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले. युद्धानंतर स्वस्त खनिज तेल उपलब्ध झाले आणि सूर्याच्या ऊर्जेचा प्रश्न अनेक दशके मागे पडला.

सार्वजनिक जीवन व मृत्यू

१९१० मध्ये चामिचान यांची इटलीच्या राज्याचे सिनेटर म्हणून नेमणूक झाली. रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव नऊ वेळा सुचवले गेले. परंतु हा सन्मान त्यांना मिळाला नाही.

१९१५ मध्ये इटलीने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात प्रवेश केला. चामिचान यांचे जन्मगाव त्रिएस्ते तेव्हा शत्रूच्या ताब्यात होते. युद्धाच्या अखेरीस ते इटलीकडे आले. प्रकाशावरील निबंधांची मालिका या काळातच थांबली, तथापि वनस्पतींवरील काम त्यांनी चालू ठेवले. २ जानेवारी १९२२ रोजी बोलोन्या येथे त्यांचे निधन झाले.

प्रभाव व वारसा

चामिचान यांच्या अभिक्रियांची कारणमीमांसा त्यांच्या हयातीत पूर्ण होऊ शकली नाही. रेणू प्रकाश शोषून घेतो तेव्हा त्यातील इलेक्ट्रॉन उच्च ऊर्जेच्या अवस्थेत जातात आणि तो रेणू एरवी न होणारी अभिक्रिया करू शकतो, हे पुंजयामिकी विकसित झाल्यानंतर समजले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाला पुन्हा गती मिळाली, तेव्हा अनेक मूलभूत अभिक्रिया बोलोन्याच्या गच्चीवर आधीच नोंदल्या गेल्याचे आढळून आले.

१९०१ च्या नायट्रोबेंझाल्डिहाइड अभिक्रियेचा उपयोग सर्वांत अनपेक्षित ठरला. या रेणूच्या रचनेत थोडा बदल करून त्याला दुसरा एखादा रेणू जोडला, तर तो दुसरा रेणू जणू कुलूपबंद होतो आणि आपले कार्य करू शकत नाही. प्रकाश पडताच चामिचान यांनी पाहिलेलीच देवघेव घडते, बंध तुटतो आणि धरून ठेवलेला रेणू मोकळा होतो. १९७० मध्ये अव्राहम पाचॉर्निक व रॉबर्ट वुडवर्ड यांनी सहकाऱ्यांसह अशा प्रकाशसंवेदी गटांचा वापर रेणूंच्या संरक्षणासाठी केला. १९७८ मध्ये पेशींचे ऊर्जावाहक द्रव्य असलेला एटीपी हा रेणू याच रीतीने बंदिस्त करण्यात आला. त्यामुळे प्रकाशाच्या एका झोताने ठरावीक क्षणी पेशीत एटीपी सोडणे आणि पुढील घडामोडी मोजणे शक्य झाले.

स्फटिकांतील प्रकाश-अभिक्रियांचा पद्धतशीर अभ्यास इस्राएलमधील वाइत्समान संस्थेत गेरहार्ट श्मिट यांनी केला. सिनॅमिक आम्लाच्या स्फटिकात शेजारच्या रेणूंचे दुहेरी बंध समांतर व पुरेसे जवळ, म्हणजे सुमारे ४.२ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी अंतरावर असतील तरच ते जोडले जातात, असे त्यांनी १९६४ च्या सुमारास दाखवले. स्फटिकात रेणू कसे रचले आहेत, यावरून प्रकाशाचा परिणाम ठरतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

याच दिशेने पुढे गेलेले एक संशोधन चामिचान यांच्या स्वतःच्या विद्यापीठात झाले. बोलोन्या विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. या विभागातील संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये ॲझोबेंझीनच्या चार भुजा असलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या रेणूंचे स्फटिक तयार केल्याचे प्रसिद्ध केले. ॲझोबेंझीनच्या रेणूला दोन रूपे असतात. एकात तो ताठ व सरळ असतो, दुसऱ्यात वाकलेला. चारही भुजा सरळ असताना हे रेणू एकमेकांत घट्ट बसत नाहीत. त्यामुळे स्फटिकात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड वायू सामावतो. अतिनील प्रकाश पडला की भुजा वाकतात, स्फटिकाची मांडणी मोडते आणि पोकळ्या नाहीशा होतात. दृश्य प्रकाश किंवा उष्णता दिल्यास भुजा पुन्हा सरळ होऊन सच्छिद्र स्फटिक परत मिळतो. याचा अर्थ, वायू धरून ठेवण्याची घन पदार्थाची क्षमता केवळ प्रकाशाने चालू किंवा बंद करता येते.

असे पदार्थ अद्याप प्रामुख्याने प्रयोगशाळेपुरतेच मर्यादित आहेत. घन पदार्थात प्रकाश खोलवर शिरत नाही आणि दाटीने बसलेल्या रेणूंना आकार बदलण्यास जागा मिळत नाही, या त्यांच्या मुख्य अडचणी आहेत. उन्हावर चालणाऱ्या, धूर न सोडणाऱ्या रसायन-उद्योगाची चामिचान यांची अपेक्षाही अजून पूर्ण झालेली नाही. मात्र हवामानबदल आणि खनिज इंधनांचा प्रश्न गंभीर झाल्यापासून त्यांचे १९१२ चे व्याख्यान पुन्हा वाचले जाऊ लागले असून, सौर ऊर्जेवरील शास्त्रीय लेखनात त्याचा वारंवार उल्लेख होतो.